बिडीचा धंदा आणि पेशीचा थांबा

भंडारा जिल्ह्यात बिडीचा धंदा रुजला तो तेंदूच्या पानामुळे. 1 मे 1999 रोजी गोंदिया वेगळा होईपर्यंत हा सारा जंगलपट्टा एकाच जिल्ह्यात होता. तेंदूची झुडपे उन्हाळ्यापूर्वी छाटतात. मग एप्रिल-मेमध्ये फुटलेली कोवळी पाने गावकरी भल्या पहाटे तोडतात, 70-70 पानांची पुडकी बांधतात आणि फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, वाळत घालतात. पान जवळच मिळे, तंबाखू मात्र दुरून आणावा लागे. ती सोय बंगाल-नागपूर रेल्वेने केली. विसाव्या शतकाच्या आरंभी गुजराती व्यापारी मध्य प्रांतात स्थिरावले आणि गोंदिया या धंद्याचे मोठे ठाणे झाले. 1958 मध्ये गोंदिया एज्युकेशन सोसायटी स्थापन करणारे मनोहरभाई पटेल याच व्यापारातले.

कारखाना नावाला असे. खरे काम घरोघरी चाले. सट्टेदार, म्हणजे मधला ठेकेदार, पाने आणि तंबाखू वाटून देई. बायका पाने भिजवत, कात्रीने मापात कापत, चिमूटभर तंबाखू भरून बिडी वळत आणि दोऱ्याने बांधत. मजुरी हजार बिड्यांमागे ठरे. तयार माल तपासताना सदोष बिड्या बाजूला काढल्या जात. या ‘छाटी’वरून मजूर आणि सट्टेदार यांच्यात वाद होत. शेतीला मजूर मिळावेत म्हणून हंगामात बिडीकाम बंद ठेवण्याचा कायदा मध्य प्रांत व वऱ्हाड सरकारने 1948 मध्ये केला. सर्वोच्च न्यायालयाने तो 1950 मध्ये रद्द ठरवला. घरी बसून बिड्या वळणाऱ्यांना कायद्याचे संरक्षण मिळाले ते 1966 च्या बिडी व सिगार कामगार कायद्याने. पानांचा व्यापार 1969 च्या राज्य कायद्याने सरकारी नियंत्रणाखाली आला.

मजुरी आणि छाटीचे प्रश्न डोळ्यांना दिसणारे होते. तंबाखूच्या धुळीचे परिणाम समजायला प्रयोगशाळा लागली. मुंबईच्या कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये रजनी भिसे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990 च्या दशकात बिडीचा तंबाखू हाताळणाऱ्या कामगारांची तपासणी केली. त्यांच्या रक्तातील पांढऱ्या पेशींत गुणसूत्रांचे दोष वाढलेले आढळले. तंबाखूतील नायट्रोसामाइन ही रसायने शरीरात गेल्यावर त्यांचे रूपांतर होऊन ती डीएनएला चिकटतात आणि त्याची रचना बिघडवतात.

अशी इजा झाली की निरोगी पेशी विभाजन थांबवते. 1988 मध्ये अमेरिकेत टेड वाइनर्ट आणि लेलँड हार्टवेल यांनी यीस्टवर क्ष-किरण सोडून हे दाखवले. इजा झालेल्या यीस्टच्या पेशी थांबून दुरुस्ती करत. आरएडी-9 हे जनुक निकामी असले, की त्या न थांबता विभागत आणि मरत. पेशीचक्राच्या अशा तपासणी-टप्प्यांना चेकपॉइंट म्हणतात. पेशीचक्रावरील संशोधनासाठी हार्टवेल यांना 2001 चे नोबेल पारितोषिक पॉल नर्स आणि टिम हंट यांच्यासह मिळाले.

माणसाच्या पेशीत डीएनएची इजा प्रथम एटीएम आणि एटीआर ही प्रथिने ओळखतात. त्यांच्या संदेशाने पी-53 हे प्रथिन टिकून राहते आणि त्याचे प्रमाण वाढते. पी-53 मुळे पी-21 तयार होते, ते विभाजन पुढे रेटणाऱ्या सीडीके एन्झाइमांना अडवते आणि डीएनएची नक्कल सुरू होण्याआधीच पेशी थांबते. नक्कल झाल्यावर इजा आढळली तर प्रत्यक्ष विभाजनापूर्वी दुसरा अडसर लागतो. या अवधीत दुरुस्ती झाली तर चक्र पुन्हा सुरू होते. इजा दुरुस्त होण्यापलीकडची असेल, तर पेशी कायमची थांबते किंवा स्वतःला संपवते. छाटीतल्या बिडीप्रमाणे सदोष पेशीही पुढे जाऊ दिली जात नाही.

ही व्यवस्था अभेद्य नाही. इजा वर्षानुवर्षे होत राहिली तर कधीतरी पी-53 चे जनुकच बिघडते. मग सदोष पेशी न थांबता वाढतात आणि त्यांच्या पुढच्या पिढ्यांत नवे दोष साचत जातात. तोंडाच्या कर्करोगात हे जनुक बिघडलेले वारंवार आढळते. बिडी ओढणाऱ्याच्या तोंडात, घशात आणि फुप्फुसात ही इजा थेट पोहोचते. वळणाऱ्या बाईला ती श्वासातून आणि हातांच्या त्वचेतून होते. 1966 च्या कायद्याने कामाची जागा, तास आणि सुट्टी ठरवली. पेशीला होणारी ही इजा मात्र तंबाखूचा संपर्क तुटल्याशिवाय थांबत नाही.