दारूबंदी, तौबा आणि मिटिंगचा पत्ता

दारू हा मुसलमानांचा प्रश्नच नाही, असे आपल्याकडे ठामपणे सांगितले जाते. हराम आहे, मग प्रश्न कुठला? पण जुन्या नाशकात, दूध बाजार आणि चौक मंडईच्या गल्ल्यांत मी जी घरे ओळखतो, त्यांतल्या काहींत हा प्रश्न रोज संध्याकाळी दारात येऊन उभा राहतो. दुसऱ्या वस्तीतली बाई ‘नवरा पितो’ म्हणून निदान मोठ्याने रडू शकते. आपल्याकडे ती ‘त्यांची तब्येत बरी नाही’ म्हणते. मुलीच्या स्थळाची काळजी असते, जमातीत नाव जायची भीती असते. अशाच एका घरातल्या भाभींनी मला विचारले, "भाईजान, यांना न्यायचं तरी कुठं?"

उत्तर शोधताना मी या मदतगटांचा इतिहास वाचत गेलो. गंमत म्हणजे त्याची सुरुवातही अशाच शोधाने झाली आहे. मे 1935. न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात काम करणारा बिल विल्सन धंद्यानिमित्त अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन शहरात आला होता. दारू सोडून काही महिने झाले होते. सौदा फसला, खिसा रिकामा, आणि हॉटेलात जवळच बार. त्याने बारऐवजी फोन गाठला. चर्चच्या यादीतले नंबर फिरवत तो विचारत राहिला की मला बोलायला एखादा दारुडा मिळेल का? त्यातून त्याची गाठ डॉक्टर बॉब स्मिथ या शल्यचिकित्सकाशी पडली. दोघे तासन्‌तास बोलले. 10 जून 1935 हा डॉक्टर बॉबच्या शेवटच्या घोटाचा दिवस, आणि तोच अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसचा, म्हणजे ए.ए.चा स्थापना दिवस मानला जातो. विल्सनला प्रवचन नको होते, आपल्यासारखाच भोगलेला माणूस हवा होता. या चळवळीचे सगळे मर्म त्यात आहे.

आता तारखांकडे पाहा. अमेरिकेत 1920 ते 1933 अशी तेरा वर्षे देशभर दारूबंदी होती. ती उठल्यावर दोनच वर्षांनी ए.ए. उभी राहिली. आपल्याकडे 1949 चा मुंबई दारूबंदी कायदा झाला, त्याखाली मुंबई राज्यात कडक बंदी आली, आणि ती बंदी चालू असतानाच 1957 साली मुंबईत ए.ए. सुरू झाली. दुकान बंद करणे आणि माणसाची तलफ सोडवणे ही दोन वेगळी कामे आहेत, हे या दोन तारखा सांगतात.

हे आपल्या परंपरेला नवे नाही. कुरआनात दारूची मनाई टप्प्याटप्प्याने आली. आधी सांगितले गेले की तिच्यात फायद्यापेक्षा गुन्हा मोठा आहे, मग नशेत नमाजच्या जवळ जाऊ नका, आणि शेवटी पूर्ण मनाई. हा क्रम आपण बयानात ऐकतो. पण सवय सुटायला माणसाला वेळ आणि सोबत लागते, हा त्यातला अर्थ मोहल्ल्यात उतरत नाही. आपण हुकूम सांगून मोकळे होतो.

काहींचा आक्षेप असतो की चर्चच्या यादीतून निघालेली ही चळवळ, आपले लोक तिथे कसे जातील? ए.ए.च्या बारा पायऱ्यांत ईश्वराचा उल्लेख आहे, पण तो ‘आपल्याला जसा समजेल तसा’ अशा शब्दांत. अमेरिकेतल्या बाल्टिमोरमध्ये 1989 साली मुसलमानांनी याच पायऱ्या इस्लामी चौकटीत मांडून ‘मिल्लती इस्लामी’ सुरू केली. इराणमध्ये तर याच पद्धतीच्या नार्कोटिक्स अ‍ॅनॉनिमसच्या हजारो सभा भरतात. महाराष्ट्रात अनिता आणि अनिल अवचट यांनी 1986 साली पुण्यात ‘मुक्तांगण’ उभे केले. तिथेही बरे झालेली माणसेच नव्यांना हात देतात, आणि पत्नींसाठी ‘सहचरी’ गट आहे.

नाशिक आज वाईनचे शहर म्हणून मिरवते. वायनरीकडे जाणारा रस्ता पाट्या दाखवतात, मिटिंगला मात्र मोठी पाटी नसते, कारण तिथे येणाऱ्याचे नाव जपायचे असते. ए.ए.चे गट नाशिकमध्येही आहेत. फी नाही, आडनाव विचारत नाहीत, जात-धर्म विचारत नाहीत. दारू सोडायची इच्छा एवढीच अट. कुटुंबीयांसाठी अल-अ‍ॅनॉन ही वेगळी संघटना आहे. पत्ता मिळत नसेल तर केंद्र सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन 14446 आहे. एक इशारा मात्र द्यायलाच हवा. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याची दारू घरी कोंडून एकदम तोडू नका. फिट येऊ शकते, भ्रम होतो, जीवही जाऊ शकतो. आधी डॉक्टर, मग मिटिंग.

त्या भाभींना मी हेच सांगितले. पण प्रत्येक भाभीला भाईजान भेटेलच असे नाही. आपल्या मशिदींत नमाजच्या वेळांचा फलक असतो. त्याच्या शेजारी हेल्पलाइनचा नंबर आणि जवळच्या मिटिंगचा वार-वेळ लिहिलेला एक कागद लावायला कोणत्या मसलकीची अडचण येणार आहे? ज्याला गरज आहे तो कोणाला न विचारता वाचेल, आणि तौबा करायला निघालेल्या माणसाला पुढचा रस्ता कळेल.