वायफायच्या काड्या फुल, तरी नेट नाही? राऊटरकडचे पत्ते संपलेले असू शकतात

समजा, एक अभ्यासिका आहे. दोन बॅच मिळून १५० मुलं, प्रत्येकाकडे एक फोन आणि एक लॅपटॉप. सकाळच्या बॅचचं वायफाय मस्त चालतं. दुपारच्या बॅचला मात्र काड्या फुल दिसतात आणि नेट नसतं. अशा वेळी लॅपटॉपचा आयपी पत्ता बघा. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर राऊटरने पत्ता दिलेलाच नाही, लॅपटॉपने स्वतःच एक धरलाय.

आयपी पत्ता ३२ बिटांचा असतो. त्यातले किती बिट गल्लीचे आणि किती घर नंबरचे, हे सबनेट मास्क ठरवतो. आपल्याकडच्या बहुतेक राऊटरमध्ये तो २५५.२५५.२५५.० असतो. म्हणजे २४ बिट गल्लीला, ८ घरांना. पत्ते २५६, त्यातला पहिला आणि शेवटचा राखीव, एक राऊटरचा. उरले २५३.

पण लगेच मास्कला हात लावू नका. अनेक राऊटर १०० ते १९९ एवढेच पत्ते वाटतात, आधी ती रेंज वाढवा. शिवाय दिलेला पत्ता बऱ्याचदा २४ तास अडकून राहतो. सकाळची मुलं घरी गेली तरी त्यांचे पत्ते मोकळे होत नाहीत. ही मुदत, म्हणजे लीज टाइम, दोन तासांवर आणली तरी कित्येकदा काम भागतं.

तरीही कमी पडले, तर मास्क २५५.२५५.२५४.० करायचा. गल्लीचा एक बिट घरांकडे जातो आणि वापरता येणारे पत्ते ५१० होतात.

खरा घोळ इथेच होतो. १९२.१६८.१ नंतर १९२.१६८.२ जोडला जाईल, असं वाटतं. प्रत्यक्षात रेंज होते १९२.१६८.०.० ते १९२.१६८.१.२५५. का? तिसरा आकडा बायनरीत लिहून बघा: ० म्हणजे ००, १ म्हणजे ०१, २ म्हणजे १०. मोकळा झालाय फक्त शेवटचा बिट. ० आणि १ मध्ये तेवढाच बदलतो, १ आणि २ मध्ये दोन्ही बदलतात. म्हणून जोड्या ०-१, २-३, ४-५ अशाच लागतात. वाटायच्या रेंजमध्ये १९२.१६८.२ चे पत्ते भरले, तर ते राऊटरच्या लेखी परक्या गल्लीतलेच राहतात.

नेट कंपनीच्या मोडेमचा पत्ता १९२.१६८.०.१ असेल, तर नवी रेंज त्याच्यावरच आदळेल. तेव्हा २-३ ची जोडी घ्यावी, त्यासाठी राऊटरचा पत्ताही बदलावा लागतो.

आणि प्रिंटर! फोन-लॅपटॉप पुन्हा जोडले की नवा मास्क आपोआप घेतात. प्रिंटर, सीसीटीव्ही यांचे पत्ते मात्र बरेचदा हाताने भरलेले असतात. १९२.१६८.१.५० वरच्या प्रिंटरमध्ये जुनाच मास्क राहिला, तर १९२.१६८.०.७७ वरचा लॅपटॉप त्याला परका वाटतो आणि तो उत्तर थेट न देता गेटवेकडे पाठवतो. गेटवे भरलेलाच नसेल, तर ते उत्तर कुठेच पोहोचत नाही. मग निम्म्या लॅपटॉपवरून प्रिंट निघते, निम्म्यांवरून नाही, आणि सगळे केबल तपासत बसतात.