आचरेकर सरांचा शारदाश्रम आणि न मिळालेली एक धाव

मुंबईच्या शालेय क्रिकेटमध्ये हॅरिस ढाल स्पर्धेला मानाचे स्थान आहे. या स्पर्धेचा १९८७-८८ चा मोसम दादरच्या शारदाश्रम विद्यामंदिराच्या नावाने ओळखला जातो. सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांची ६६४ धावांची अभेद्य भागीदारी सर्वांना ठाऊक आहे. मात्र त्या मोसमाची खरी ओळख धावांच्या डोंगरापेक्षा प्रशिक्षक रमाकांत आचरेकर यांनी नाकारलेल्या एका धावेतून होते.

फेब्रुवारी १९८८ मध्ये आझाद मैदानावर सेंट झेवियर्स शाळेविरुद्ध उपांत्य सामना सुरू होता. शारदाश्रमचे दोन गडी ८४ धावांत बाद झाले, तेव्हा चौदा वर्षांचा सचिन आणि सोळा वर्षांचा विनोद एकत्र आले. त्यानंतर गडी बाद झालाच नाही. आचरेकर त्या दिवशी मैदानावर नव्हते. डाव घोषित करावा, असा त्यांचा निरोप होता. सहायक प्रशिक्षक लक्ष्मण चव्हाण सीमारेषेवरून खुणा करीत राहिले आणि दोघे फलंदाज तिकडे पाहणे टाळत राहिले! अखेर उपाहाराच्या वेळी दूरध्वनीवरून सरांशी बोलणे झाले. कांबळी ३४९ धावांवर होता. ३५० पूर्ण करण्यासाठी त्याने एका धावेची परवानगी मागितली. ती मिळाली नाही. २ बाद ७४८ या धावसंख्येवर डाव घोषित झाला. सचिन ३२६ धावांवर नाबाद राहिला.

सामना जिंकायचा तर प्रतिस्पर्ध्याला बाद करण्यास वेळ हवा, हा त्यामागील साधा हिशेब होता. तो अचूक ठरला. झेवियर्सचा डाव १४५ धावांत आटोपला आणि ३७ धावांत सहा बळी घेणारा गोलंदाज होता स्वतः कांबळी. अंतिम सामन्यात अंजुमन-ए-इस्लाम शाळेविरुद्ध सचिनने नाबाद ३४६ धावा काढल्या. ६६४ धावांचा विक्रम पुढे २००६ मध्ये हैदराबादच्या दोन शाळकरी फलंदाजांनी ७२१ धावांची भागीदारी करून मोडला.

मूळचे मालवणचे असलेले आचरेकर खेळाडू म्हणून फारसे पुढे गेले नाहीत. स्टेट बँकेच्या संघातून १९६३-६४ मध्ये खेळलेला एकच प्रथम श्रेणी सामना त्यांच्या नावावर आहे. प्रशिक्षक म्हणून मात्र शिवाजी पार्कवर त्यांनी अनेक दशके घालविली. जाळ्यातील सरावापेक्षा सामन्यांवर त्यांचा भर असे. सचिनला स्कूटरवर मागे बसवून ते एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर नेत. यष्टीवर रुपयाचे नाणे ठेवायचे. सराव संपेपर्यंत नाबाद राहिल्यास ते फलंदाजाचे, बाद केल्यास गोलंदाजाचे. सचिनने अशी तेरा नाणी जपून ठेवली. सरावाचा सामना बुडवून वानखेडेवर शाळेच्या मोठ्या संघाचा खेळ पाहायला गेलेल्या सचिनला सरांच्या हातचा मारही खावा लागला होता. इतरांसाठी टाळ्या वाजवीत बसण्यापेक्षा लोक तुझ्यासाठी टाळ्या वाजवतील असा खेळ, ही त्यांची शिकवण होती.

बलविंदरसिंग संधू, चंद्रकांत पंडित, प्रवीण अमरे, अजित आगरकर, रमेश पोवार असे अनेक कसोटीपटू त्यांच्या तालमीत घडले. १९९० मध्ये द्रोणाचार्य पुरस्कार व २०१० मध्ये पद्मश्री देऊन त्यांचा गौरव झाला. २ जानेवारी २०१९ रोजी त्यांचे निधन झाले. शिवाजी पार्कवरील त्यांच्या स्मारकाचे अनावरण डिसेंबर २०२४ मध्ये सचिनच्या हस्ते झाले. त्या समारंभाला कांबळीही उपस्थित होता.

आझाद मैदानावर पॅड बांधून आपल्या पाळीची वाट पाहत बसलेला आणखी एक मुलगा होता, अमोल मुजुमदार. ती पाळी आलीच नाही. पुढे रणजी पदार्पणात त्याने २६० धावा काढल्या, प्रथम श्रेणीत अकरा हजारांवर धावा केल्या, २००६-०७ मध्ये मुंबईला रणजी करंडक जिंकून दिला. भारतीय संघाची टोपी मात्र कधीच लाभली नाही. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत भारतीय महिलांनी विश्वचषक जिंकला, तेव्हा त्या संघाचे मुख्य प्रशिक्षक मुजुमदारच होते. स्वतःच्या धावेपेक्षा संघाचा विजय मोठा, हा शारदाश्रमातील धडा सदतीस वर्षांनी असा फळाला आला.