माथेरानची गाडी: डबे जपले, नाव कोण जपणार?

माथेरानहून परतणारे लोक चिक्की, घोड्यांचे फोटो आणि छोट्या गाडीच्या आठवणी घेऊन येतात. ही गाडी कोणी बांधली, असे विचारले की बहुतेक जण पटकन 'इंग्रजांनी' म्हणतात. आमच्या मोहल्ल्यातही हेच उत्तर मिळते. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० साली डोंगर चढून गेले आणि माथेरानला थंड हवेचे ठिकाण म्हणून नाव मिळाले, हे खरे आहे. पण रेल्वे सरकारने बांधली नाही. ती मुंबईच्या एका दाऊदी बोहरा घराण्याने स्वतःच्या पैशाने बांधली.

सर आदमजी पीरभॉय मूळचे काठियावाडातल्या धोराजीचे. गरिबीतून वर आले, लष्कराला तंबू पुरवून श्रीमंत झाले, १८९७ साली मुंबईचे शेरीफ झाले. त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी नेरळ ते माथेरान रेल्वेचे काम १९०४ मध्ये हाती घेतले. सुमारे वीस किलोमीटरचा मार्ग, रुळांमधले अंतर फक्त दोन फूट, काही ठिकाणी वीस फुटांमागे एक फूट इतका चढ. १६ लाख रुपये खर्च झाले. २२ मार्च १९०७ रोजी गाडी सुरू झाली.

त्याच वर्षी डिसेंबरात कराचीला मुस्लिम लीगचे अधिवेशन भरले. त्याचे अध्यक्ष होते सर आदमजी. राजकारणाच्या पुस्तकात हे नाव त्या एका ओळीपुरते येते आणि पर्यटनाच्या पुस्तकात बऱ्याचदा येतच नाही. मला वाटते, माणूस असा तुकड्यांत वाचू नये. अध्यक्षपद आणि रेल्वे, दोन्ही एकाच घराच्या एकाच वर्षातल्या गोष्टी आहेत.

आता या गाडीला 'हेरिटेज' म्हणतात. भारतातल्या डोंगरी रेल्वेंच्या जागतिक वारशात तिचाही समावेश व्हावा, म्हणून युनेस्कोच्या संभाव्य यादीत तिचे नाव आहे. पण वारसा म्हणजे काचेमागची वस्तू नव्हे. डबा रोज वळणे घेतो, पावसात भिजतो, झिजतो. म्हणून वारशाची खरी कसोटी कारखान्यात लागते.

माझे एक मामू रेल्वेच्या डबे दुरुस्तीत सुतार होते. जुना डबा कसा तपासायचा, हे मी त्यांच्याकडून ऐकले. त्यांचे म्हणणे असे, की लाकूड वरून कुजत नाही, खालून कुजते. पाणी खिडकीच्या फटीतून आत शिरते, भिंतीच्या आतून उतरते आणि तळाच्या आडव्या तुळईवर साचून राहते. बाहेरून रंग चकचकीत दिसतो, आत टोचणी सहज घुसते. म्हणून आधी रंग नाही, आधी टोचणी. मग कुजलेला भाग कापायचा, पण खांब पूर्ण बदलायचा नाही. चांगले सागवान जिथपर्यंत शाबूत आहे तिथे तिरपा काप घ्यायचा आणि त्याच जातीच्या लाकडाचा तुकडा सांधायचा. कुसू खोबणीत घट्ट बसले पाहिजे, खिळ्यावर भरवसा ठेवायचा नाही.

छताचेही तसेच. जुन्या लाकडी डब्यांच्या छतावर फळ्यांवर कॅनव्हास ताणून त्यावर जवसाच्या तेलात कालवलेला सफेदा लावत. तो शिशाचा सफेदा विषारी, त्यामुळे आज तो खरवडतानाही काळजी घ्यावी लागते. रंगाचे थर एकेक करून घासत गेले, की कोणत्या काळात डबा कोणत्या रंगाचा होता ते कळते. डबा हे एक प्रकारचे दफ्तरच असते, वाचणारा हवा.

आपल्याकडे हे वाचता येणारे हात आहेत. सोलापूर जिल्ह्यात कुर्डुवाडीला रेल्वेचा जुना कारखाना आहे. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप यांच्या बार्शी लाइट रेल्वेचा हा वारसा. ती लाइन १८९७ मध्ये सुरू झाली, अडीच फुटी होती, आता ब्रॉडगेज झाली. कारखाना मात्र टिकला आणि माथेरानच्या गाडीचे डबे तिथे दुरुस्तीला जातात. माणदेश-बार्शीच्या छोट्या गाडीवर शिकलेले कौशल्य सह्याद्रीतल्या छोट्या गाडीच्या कामी आले, ही मला फार सुंदर गोष्ट वाटते.

पण सगळे जुने तसेच ठेवता येत नाही. सुरुवातीची चार वाफेची इंजिने जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कोपेल कंपनीची होती. अवघड वळणांसाठी त्यांच्या टोकाच्या आसांना बाजूला सरकता येईल अशी सोय केलेली होती. त्यांतले एक आज दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात उभे आहे. उतारावर गाडी आवरायला डब्यांवर ब्रेकमन उभे राहत आणि चालकाच्या इशाऱ्यावर हाताने ब्रेक आवळत. २०१६ मध्ये गाडी लागोपाठ घसरली, सेवा बंद झाली, आणि त्यानंतर डब्यांना एअर ब्रेक आले. काही शौकिनांना हे खटकले. मला नाही खटकले. ज्या डब्यात लेकरे बसतात, तिथे जीव आधी, जुनेपण नंतर.

मग बदलत बदलत डबा जुना तरी कसा राहतो? वेल्समध्ये फेस्टिनिओग नावाची जवळपास तेवढ्याच रुंदीची रेल्वे आहे. तिथल्या बॉस्टन लॉज कारखान्याने सांभाळलेले १८७२-७३ चे बोगी डबे आजही प्रवासी नेतात. अशा डब्यांत जुने किती आणि नवे किती, यावर वाद घालता येईल. माझे उत्तर साधे आहे: काय बदलले, का बदलले, कधी बदलले याची नोंद असेल तर डबा जुनाच आहे. नोंद नसेल तर जुने लाकूडही मुके.

आणि इथेच पीरभॉय यांचा प्रश्न येतो. तुळईचा तुकडा जपला, रंग जपला, पण बांधणाऱ्याचे नाव गळाले, तर ती दुरुस्ती अर्धी राहिली. दुरुस्त झालेल्या डब्यात एक छोटी पट्टी लावावी. कोणी बांधले, कोणत्या कारखान्यात दुरुस्त झाले, इतकेच. सेठचे नाव असावे, तसे कारागिरांच्या कामाचाही उल्लेख असावा. डोंगर फोडणारे मजूर एरवी कुठल्याच फलकावर येत नाहीत.

सरकारकडे बोट दाखवताना चार बोटे आपल्याकडेही वळतात. कोकणातल्या किती जुन्या मशिदींचे सागवानी खांब आपणच उपटले आणि तिथे काँक्रीट, टाइल्स आल्या! जागा अपुरी पडत होती, वाळवी लागली होती, कारणे खरी होती. पण पाडण्याआधी मोजमाप घेतले का? फोटो काढले? खांबावरचे कोरीव काम कोणत्या सुताराच्या हातचे, हे बुजुर्गांना विचारले? जमातीच्या बैठकीत नूतनीकरणाचा ठराव येईल, तेव्हा खर्चाच्या आकड्याआधी हे तीन प्रश्न विचारावेत. सुताराला बोलवावे, टोचणी घेऊन खांब तपासायला सांगावे. बऱ्याचदा फक्त खालचा हातभर तुकडा बदलावा लागेल. वरचे सागवान अजून शंभर वर्षे उभे राहील.