छाप्यानंतर काय? आकूताईच्या मृत्यूपासून वऱ्हाडातल्या बालकल्याण समितीपर्यंत

१/१४
मे २००२. मुंबई पोलिसांच्या समाजसेवा शाखेने सांताक्रूझमधील एका कुंटणखान्यावर छापा घातला. २४ मुली व स्त्रियांना तेथून बाहेर काढण्यात आले. वैद्यकीय तपासणीत त्यांपैकी १० जणी अठरा वर्षांखालील ठरल्या. कायद्याच्या लेखी या मुली कोण होत्या? आरोपी, साक्षीदार, की संरक्षणाचा हक्क असलेली बालके? या प्रश्नाचे स्पष्ट उत्तर मिळायला शंभराहून अधिक वर्षे लागली. त्या वाटचालीचा हा धागा.

२/१४
आरंभ १८६० च्या भारतीय दंड संहितेपासून. कलम ३७२ व ३७३ नुसार अल्पवयीन व्यक्तीला वेश्याव्यवसायासाठी विकणे आणि विकत घेणे हे दोन्ही गुन्हे ठरले. वयोमर्यादा तेव्हा १६ होती. १९२४ मध्ये ती १८ झाली. म्हणजे सारा खटला वयाच्या पुराव्यावर उभा राहायचा आणि जन्मनोंद तर बहुतेकींची नसायचीच.

३/१४
१९१७. मुंबईच्या डंकन रोडवरील एका कुंटणखान्यात आकूताई नावाच्या स्त्रीचा मृत्यू झाला. तिने पळून जाण्याचा प्रयत्न केला होता. त्याची शिक्षा म्हणून चालकांनी तिचा अमानुष छळ केला. त्याच घरात राहणाऱ्या इतर स्त्रियांच्या साक्षींमधून मारहाण, कर्ज आणि कोंडवाड्याचे ते जग न्यायालयासमोर उघडे झाले.

४/१४
हा खटला खुनाचा होता. आकूताई जिवंतपणी पोलिसांपर्यंत पोहोचली असती, तर तिला सुरक्षित ठेवील अशी कोणती व्यवस्था होती? तपासाला बळ मिळाले ते तिच्या मृत्यूमुळे. जिवंत पीडितेचे काय करायचे, याचा विचार त्या काळच्या कायद्यात फारसा दिसत नाही.

५/१४
पुढे १९२१ मध्ये मुंबईत वेश्याव्यवसायाविषयी समिती नेमली गेली आणि १९२३ मध्ये मुंबईचा वेश्याव्यवसाय प्रतिबंधक कायदा आला. त्याने दलालांवर हात टाकला. पण रस्त्यावर उभे राहून गिऱ्हाईक शोधणे हाही गुन्हा ठरवला. एकाच कायद्याने दलालालाही धरले आणि त्याच्या तावडीत सापडलेल्या स्त्रीलाही. हा पेच पुढे कित्येक दशके सुटला नाही.

६/१४
वऱ्हाडाचे काय? अमरावती व अकोला तेव्हा मुंबई इलाख्यात नव्हते. १८५३ पासून इंग्रजांच्या ताब्यात असलेला वऱ्हाड १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडला गेला होता. मुंबईचा १९२३ चा कायदा येथे लागूच नव्हता. मात्र मुंबई-नागपूर लोहमार्ग अकोला व बडनेऱ्यावरून जातो. माणसांची ने-आण करणाऱ्याला एका रात्रीत प्रांत ओलांडता येई. कायदा मात्र सीमेवरच थांबे.

७/१४
स्वातंत्र्यानंतर ही सीमा पुसली गेली. संविधानाच्या अनुच्छेद २३ ने माणसांचा व्यापार आणि वेठबिगारी यांना मनाई केली. भारताने ९ मे १९५० रोजी या विषयावरील आंतरराष्ट्रीय करारावर स्वाक्षरी केली. त्यानुसार १९५६ चा केंद्रीय कायदा झाला व १ मे १९५८ पासून लागू झाला. दरम्यान १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात आला होता. अकोला आणि मुंबई आता एकाच राज्यात व एकाच कायद्याखाली होते.

८/१४
१९८६ च्या दुरुस्तीनंतर हाच कायदा ‘पिटा’ म्हणून ओळखला जाऊ लागला. त्यात छाप्याच्या वेळी महिला पोलिसांची उपस्थिती आणि सोडवलेल्या व्यक्तीच्या वयाची तपासणी या तरतुदी आल्या. तरीही जुना पेच कलम ८ मध्ये कायम राहिला. सार्वजनिक ठिकाणी गिऱ्हाईक शोधल्याबद्दल स्त्रीवर गुन्हा नोंदवणे सोपे; तिला गावातून आणणाऱ्यापर्यंत, पैसे मोजणाऱ्यापर्यंत पोहोचणे कष्टाचे.

९/१४
आता पुन्हा २००२. सांताक्रूझच्या मुलींच्या प्रश्नावर ‘प्रेरणा’ संस्थेने मुंबई उच्च न्यायालयात याचिका केली. कामाठीपुऱ्यातील स्त्रियांच्या मुलांसाठी ही संस्था १९८६ पासून काम करत होती. ७ ऑक्टोबर २००२ रोजी न्यायालयाने निकाल दिला. ‘प्रेरणा विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ हा निकाल या विषयाच्या इतिहासातील एक वळण मानला जातो.

१०/१४
न्यायालयाचे निर्देश थोडक्यात असे :
• सोडवलेली व्यक्ती पहिल्यांदा समोर येताच दंडाधिकाऱ्याने तिचे वय निश्चित करून घ्यावे.
• ती अठरा वर्षांखालील असल्यास तिला बालकल्याण समितीपुढे पाठवावे.
• परिवीक्षा अधिकाऱ्याची चौकशी पूर्ण झाल्याखेरीज तिला सोडू नये.
• पालक योग्य असल्याचे समितीने ठरवल्यावरच ताबा द्यावा. तसे नसल्यास पुनर्वसन करावे.

११/१४
आणखी एक निर्देश फार महत्त्वाचा : कुंटणखाना चालवणाऱ्याच्या किंवा दलालाच्या वकिलाने त्याच खटल्यात पीडितेची बाजू मांडू नये. कारण उघड आहे. आरोपीला मुलीचे मौन हवे असते. तिची ‘सुटका’ त्याच्याच माणसांनी करवून घेतली, तर ती पुन्हा त्याच दारात पोहोचते. मग सरकारी पक्षाची साक्षीदारही जाते आणि खटलाही.

१२/१४
पीडितेला केंद्रस्थानी ठेवणे ही केवळ दयाबुद्धी नाही, ते तपासाचेही शास्त्र आहे. भीतीपोटी दिलेला जबाब उलटतपासणीत टिकत नाही. सुरक्षित निवारा, समजेल त्या भाषेत संवाद आणि गुप्त ठेवलेली ओळख एवढे मिळाले, तर गावातला मध्यस्थ कोण, प्रवास कोणत्या गाडीने झाला, पैसे कोणी दिले, हे ती सांगू शकते. साखळी उलगडते ती तिथून.

१३/१४
संरक्षणाच्या नावाखाली सज्ञान स्त्रीला डांबून ठेवता येते का? २४ सप्टेंबर २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाने सुधारगृहात पाठवलेल्या तीन सज्ञान स्त्रियांना मुक्त केले आणि आपला व्यवसाय निवडण्याचा त्यांचा हक्क मान्य केला. २०१३ मध्ये नव्याने लिहिलेले दंड संहितेचे कलम ३७० दुसरी बाजू सांगते : बळजबरी, फसवणूक किंवा आमिष दाखवून व्यापार झाला असेल, तर पीडितेच्या संमतीची सबब चालत नाही. १ जुलै २०२४ पासून हीच तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम १४३ मध्ये आहे.

१४/१४
आज अमरावती व अकोला मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाच्या अधिकारक्षेत्रात येतात आणि २००२ चे निर्देश येथेही लागू आहेत. बडनेरा वा अकोला स्थानकावर एखादी मुलगी संशयास्पद स्थितीत आढळली, तर तिला जिल्ह्याच्या बालकल्याण समितीपुढे उभे करणे हा कायद्याचा आदेश आहे. समितीला तिचे म्हणणे ऐकून घ्यावे लागते. डंकन रोडवरच्या त्या घरात आकूताईला असा एकही दरवाजा उघडा नव्हता.