पुढचा अंक कधी येणार?

आजचा विषय वरवर साधा आहे. एखादा लेखक आवडला की वाचक त्याच्या मागावर कसा राहतो? त्यानं नवीन काय लिहिलं, ते कुठे आलं, आपल्यापर्यंत कधी पोचणार, हे त्याला कळतं कसं? आज खिशातल्या फोनवर कळतं. पूर्वी काय होतं, ते बघू.

जव्हारला बोलायचं म्हणजे सुरुवात पुस्तकापासून नको, बोहाड्यापासून करू. मोखाड्याचा बोहाडा तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. देवदेवतांच्या, राक्षसांच्या कथा सगळ्यांना पाठ असतात. तरी माणसं रात्रभर जागतात. संबळ वाजायला लागलं की पेंगणारी पोरंसुद्धा उठून बसतात. आता कोणतं सोंग येणार? मुखवट्याआड कोण आहे, यंदा कसा नाचतोय, यावर शेजारी कुजबुज चालते. म्हणजे गोष्ट सांगणाऱ्याचा माग ठेवायला माणूस छापखान्याची वाट पाहत थांबला नव्हता.

छापखान्यानं केलं काय, तर ही एका रात्रीची वाट आठवड्यांवर, महिन्यांवर नेली. हरि नारायण आपट्यांची ‘मधली स्थिती’ १८८५ मध्ये ‘पुणे वैभव’ पत्रातून येऊ लागली. १८९० मध्ये त्यांनी स्वतःचं ‘करमणूक’ साप्ताहिक काढलं आणि ‘पण लक्षांत कोण घेतो!’ त्यात क्रमशः छापली. आज आपण यमूची कहाणी चार दिवसांत संपवतो. त्या वाचकांना ती तुकड्यातुकड्यानं मिळाली. लेखकाचा माग ठेवणं म्हणजे तेव्हा वर्गणी भरणं आणि टपालाकडे डोळे लावणं. यात धोकाही होता. आपट्यांची ‘गणपतराव’ अपुरीच राहिली. वाट पाहिली म्हणून शेवट मिळेलच, असं नाही.

पुढे १९०९ मध्ये काशिनाथ रघुनाथ मित्रांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि या वाट पाहण्याला सण मिळाला. अंक हातात आला की आधी अनुक्रमणिका उघडायची. आपला लेखक आहे ना? आहे. मग फराळ!

पण अंक विकत घेणारे किती? बाकीच्यांची भिस्त वाचनालयावर. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं. गावोगावच्या वाचनालयांना सरकारी अनुदानाचा कायदेशीर आधार मिळाला तो १९६७ च्या कायद्यानं. एक अंक दहा घरं फिरायचा. पहिल्या घरी जे ताजं, ते दहाव्या घरी शिळं. लेखक एकच, पण त्याच्या वाचकांचं ‘आज’ वेगवेगळं.

आमचं घर दहावं होतं. एकदा मासिकाचा मधलाच अंक गहाळ झाला. मी रडकुंडीला आलो. आई म्हणाली, “अरे, तो मी वाचलाय. बस इथे, सांगते.” आणि तिनं सांगितलं. पुढे नोकरीला लागल्यावर ती कादंबरी पुस्तकरूपात वाचली, तर त्यात तसं काहीच नव्हतं! आईनं सगळं रचलेलं होतं. आयुष्यभर मी तत्त्वज्ञान शिकवलं, पण वाचक म्हणजे काय, ते मला त्या दिवशी समजलं. मागावर राहणारा वाचक नुसता घेत नाही, रिकामी जागा भरतोही.

आता जरा अवघड मुद्दा. मी सांगितलेला हा इतिहास कोणाचा? ज्यांना अक्षर आलं, ज्यांच्या दारी टपाल आलं, त्यांचा. १९४८ पर्यंत संस्थान असलेल्या या जव्हारच्या आसपासच्या पाड्यांवरचा वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी, महादेव कोळी त्यात कुठे आहे?

गोदावरी परुळेकरांचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ आठवा. १९७० चं पुस्तक, १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार. १९४५ साली तलासरीकडच्या झरी गावी वारल्यांची परिषद भरली, वेठबिगारीविरुद्ध माणसं उभी राहिली, त्याची ही हकीकत. इथे क्रम उलटा झाला. बाई आधी या माणसांच्या मागावर गेल्या, पायी पाडे तुडवले, त्यांच्या झोपडीत राहिल्या. पुस्तक नंतर आलं. पण ज्यांची ती हकीकत, त्यांच्यातल्या बहुतेकांना ती वाचता येत नव्हती. वाचकानं लेखकाचा माग ठेवावा, हे आपण सहज म्हणतो. लेखकाचं लिहिणं ज्याचं त्याच्यापर्यंत पोचलं का, हे कोणी विचारायचं?

आज त्या घरांतली मुलं शाळा-कॉलेजात आहेत. म्हणून माझी एक साधी विनंती आहे. आठवड्यातून एकदा एखाद्या पाड्यावर त्यांच्यापैकीच कोणीतरी हे पुस्तक मोठ्यानं वाचावं. सगळं एकदम नको, एक प्रकरण. आणि ऐन रंगात आलं की पुस्तक मिटावं. पुढच्या आठवड्यात एखाद्या आजीनं विचारलं, “पुढं काय झालं रं?” की समजावं, वाचक तयार झाला. कदाचित तीच आजी म्हणेल, “हे असं नव्हतं, मी सांगते.” तेव्हा मात्र वाचणाऱ्यानं गप्प बसावं आणि वही काढावी.