बुऱ्हाणपूरचं पाणी

गेल्या दिवाळीनंतर माझ्या जाऊबाई पूर्व युरोपची सहल करून आल्या. प्राग झालं, बुडापेस्ट झालं. आल्यावर आम्हा सगळ्यांना बोलावून त्यांनी टीव्हीवर फोटो दाखवले. डॅन्यूब नदी, तिच्या दोन्ही काठांवरचे दिवे, जुने पूल, टेकडीवरचा राजवाडा. दर फोटोला त्या म्हणायच्या, "काय जपलंय गं त्यांनी!" मी मान डोलवत होते. खोटं कशाला सांगू, थोडा हेवा वाटला. पण घरी आल्यावर भांडी आवरताना मनात आलं, नदीकाठचं एक जुनं शहर तर माझ्याही नात्यात आहे. ते मी कधी नीट पाहिलं?

माझी आत्या बुऱ्हाणपूरला दिलेली. लहानपणी मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही जळगावहून तिच्याकडे जायचो. आठवतं काय, तर मावा जलेबी, गल्लीतल्या मागांची खडखड आणि माडीवर टाकलेली अंथरुणं. पुढे बी.ए.ला माझा इतिहास होता. त्यात बुऱ्हाणपूर चार-पाच वेळा आलं, पण पुस्तकातलं बुऱ्हाणपूर आणि आत्याचं बुऱ्हाणपूर एकच आहे हे काही डोक्यात शिरलं नव्हतं. म्हणून या माघात पिशवी भरली आणि निघाले. रावेर गेलं की महाराष्ट्र संपतो, पण खिडकीबाहेरच्या केळीच्या बागा संपत नाहीत. लोकांची मराठीही संपत नाही. फक्त तिच्यात हिंदी मिसळायला लागते.

आत्या आता ऐंशीला टेकली आहे. "शहर बघायला आलीस? आमचं?" म्हणून हसली. पण दुसऱ्या दिवशी रिक्षा तिनेच ठरवली.

खानदेशच्या फारुकी सुलतानांपैकी नासिरखानाने १४०० च्या सुमारास हे शहर वसवलं आणि खुलताबादच्या बुऱ्हाणुद्दीन या सूफी संताचं नाव त्याला दिलं. नदीपलीकडच्या वस्तीला झैनुद्दीन या दुसऱ्या संताचं नाव मिळालं, ते झैनाबाद. मधून तापी वाहते. जाऊबाईंच्या फोटोतही असंच होतं. एका काठाला बुडा, समोर पेस्ट. तिथे १८७३ साली दोन्ही काठ मिळून एक शहर झालं आणि नदी त्या शहराचा चेहरा झाली. इथे झैनाबाद गावच राहिलं.

नदीच्या काठावर शाही किल्ला उभा आहे, म्हणजे जे उरलंय ते. आतल्या हमामाच्या छतावर अजून रंगीत नक्षी टिकून आहे. बुडापेस्टमध्येही तुर्कांनी सोळाव्या शतकात बांधलेली स्नानगृहं आहेत. जाऊबाई त्यातल्या एकात पैसे भरून डुंबून आल्या. इथला हमाम कोरडा आहे. वाटाड्या मुलगा आम्हाला मुमताजची गोष्ट सांगू लागला. ताजमहाल इथेच व्हायचा होता, पण मातीला वाळवी लागते म्हणून तिकडे गेला, असं त्याचं म्हणणं. ते खरं-खोटं राहू द्या. मुमताज महल १७ जून १६३१ रोजी इथे बुऱ्हाणपुरात बाळंतपणात गेली, हे मात्र खरं. वय ३८. लग्नाला १९ वर्षं आणि हे चौदावं बाळंतपण. तिला आधी नदीपलीकडे झैनाबादच्या बागेत पुरलं आणि डिसेंबरात तिचा देह आग्र्याला नेला. दोन बाळंतपणांतच जीव मेटाकुटीला आलेली मी बाई. ताजमहालाचं कौतुक मला पूर्वीही वाटायचं, पण त्या छताखाली उभी असताना चौदा हा आकडाच डोक्यात घुमत राहिला.

वाटाड्याने जे सांगितलं नाही ते असं. शहाजहान इथे आला होता तो दख्खनच्या मोहिमेसाठी. आणि नेमका १६३० साली पाऊस गेला होता. गुजरातेत आणि दख्खनेत भीषण दुष्काळ पडला. पीटर मंडी नावाचा इंग्रज तेव्हा सुरतेहून बुऱ्हाणपूरमार्गे आग्र्याकडे गेला. वाटेत दिसलेल्या प्रेतांबद्दल त्याने जे लिहून ठेवलंय ते वाचवत नाही. बादशहाच्या दरबारी इतिहासात नोंद आहे की बुऱ्हाणपुरात लंगर उघडले आणि दर सोमवारी ५,००० रुपये वाटले, असे २० सोमवार. मोठी रक्कम होती, नाही म्हणत नाही. पण दुष्काळात फौज पोसायची म्हणजे धान्य कुठून येणार? आजूबाजूच्या गावांतूनच ना? एका मृत्यूची जगाला ताजमहालाने आठवण राहिली. त्याच वर्षी त्याच वाटेवर मेलेल्यांचा साधा दगडसुद्धा नाही.

खरं म्हणजे बुऱ्हाणपूर पुस्तकात येतं ते बहुतेक दुसऱ्यांच्या मरणापुरतंच. अकबराचा मुलगा दानियाल इथे १६०५ मध्ये गेला. जहांगीरचा मुलगा खुसरो १६२२ मध्ये, दुसरा मुलगा परवेझ १६२६ मध्ये. पुरंदरचा तह करणारे मिर्झाराजे जयसिंह १६६७ मध्ये. पहिला निजाम १७४८ मध्ये. सगळे इथे मेले आणि त्यांच्या गोष्टी त्यांच्या-त्यांच्या गावी गेल्या. बुऱ्हाणपूरकरांचं काय झालं, हे विचारायला कोणी थांबलं नाही.

बुऱ्हाणपूरकर म्हणजे कोण, हे बाजारात कळतं. चौकात जामा मशीद आहे, फारुकी राजा आदिलशहाने बांधलेली. तिच्या भिंतीवर अरबी लेख आहे आणि संस्कृतही. संस्कृत लेखात शके १५११, संवत १६४६ असं वर्ष दिलेलं आहे. शक आणि संवत दोन्ही! आमच्या जुन्या वह्यांमध्ये असायचं तसंच. आत्या बाहेर ओट्यावर टेकली होती. मी तिला सांगितलं तर म्हणाली, "मग? दोन्हीकडची गिऱ्हाइकं होती ना."

गिऱ्हाइकं तर फार लांबची होती. ताव्हेर्निये हा फ्रेंच जवाहिऱ्या १६४१ मध्ये आणि पुन्हा १६५८ मध्ये इथे आला. इथलं तलम, आरपार दिसणारं कापड इराण, तुर्कस्तान, अरबस्तान आणि कैरोला जातं, शिवाय रशिया आणि पोलंडलाही जातं, असं त्याने लिहिलंय. पोलंड! हे वाचलं तेव्हा जाऊबाईंचे फोटो आठवून मला हसूच आलं. आपण आत्ता विमानाने गेलो त्या मुलखाच्या शेजारी बुऱ्हाणपूरच्या कोष्ट्यांचं कापड पावणेचारशे वर्षांपूर्वी पोचलं होतं. आजही मागांचा आवाज थांबलेला नाही. हातमागाच्या जागी यंत्रमाग आले इतकंच.

आता जे लिहायचं ते मला जरा जड जातंय.

माझा मुलगा शाळेत असताना इतिहास मीच घ्यायचे. त्याच्याकडून पाठ करून घेतलेलं एक वाक्य होतं. १६८१ साली राज्याभिषेकानंतर लगेच संभाजी महाराजांच्या फौजेने हंबीरराव मोहित्यांच्या हाताखाली बुऱ्हाणपूरजवळचा बहादूरपुरा लुटला. तो हे वाक्य म्हणायचा तेव्हा माझी छाती फुगायची. मागच्या वर्षी तो गाजलेला चित्रपट आला, तेव्हा थिएटरात टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होते. तोच चित्रपट पाहून असीरगडाच्या आसपास लोक रात्री बॅटऱ्या घेऊन शेतं खणत बसले, मुघलांचं सोनं सापडेल म्हणून. मार्च २०२५ मध्ये ती बातमी सगळीकडे झळकली होती. आत्याला तिचा राग होता. "मुघलांचं कसलं सोनं गं? पेठेत सोनं असतं ते पेढीवाल्यांचं. दागिने गहाण टाकलेल्या बायकांचं."

मी गप्प बसले. ती पुढे म्हणाली, "तेव्हा आपण कुठल्या बाजूला असतो, सांग बरं. बोली तुमची, दुकान इथलं."

याचं उत्तर इतिहासाच्या पदवीत नव्हतं. स्वारीला कारण होतं, आणि ते मी आजही मान्य करते. बुऱ्हाणपूर म्हणजे मुघलांचं दख्खनचं दार. आपली गावं जाळणाऱ्या फौजांना रसद आणि पैसा याच बाजारातून जायचा. स्वराज्याला तो बाजार मोडावासा वाटला तर नवल नाही. १६७९ पासून याच पेठांतल्या हिंदू-जैन व्यापाऱ्यांकडून जिझियाही वसूल होत होता, म्हणजे बादशहाही त्यांचा नव्हता. पण जळालं ते बादशहाचं घर नव्हतं. बादशहा इथे नव्हताच. खाफीखानाने या स्वारीची हकीकत दिलीय. तो मुघलांच्या बाजूचा, तेव्हा त्याचा शब्दन्‌शब्द घ्यायला नको. पण स्वारी अचानक आली, बहादूरपुऱ्याबरोबर आणखी १७ पुरे सापडले आणि लोकांना घर सावरायलाही वेळ मिळाला नाही, हे त्याच्याकडून कळतं. शहरातल्या प्रतिष्ठितांनी औरंगजेबाला लिहिलं की आमचं रक्षण होणार नसेल तर शुक्रवारची नमाज बंद ठेवू. त्याच वर्षी नोव्हेंबरात औरंगजेब स्वतः बुऱ्हाणपुरात आला. पुढची २६ वर्षं दख्खनेत कोणालाच सुखाची झोप मिळाली नाही.

आणि गंमत पाहा. १७६० मध्ये उदगीरच्या लढाईनंतर हेच शहर पेशव्यांकडे आलं, १७७८ मध्ये शिंद्यांकडे गेलं. ज्यांनी लुटलं त्यांच्याच माणसांवर पुढे इथला सारा गोळा करायची वेळ आली. दुकानदाराला काय, वहीत वरचं नाव बदललं.

व्यापाऱ्याच्या घरातली मी. हे वाक्य मी तरी दोन्ही बाजूंनी वाचायला हवं होतं. पन्नाशी उलटल्यावर वाचलं.

शेवटी कुंडी भंडाऱ्याला गेलो. १६१५ मध्ये अब्दुल रहीम खानखानान इथला सुभेदार असताना एका इराणी जाणकाराने ही पाण्याची व्यवस्था बांधली. हा रहीम म्हणजे आपल्या हिंदीच्या पुस्तकातला, दोहे लिहिणारा. सातपुड्यात पडलेला पाऊस जमिनीखालून तापीकडे झिरपतो. ते पाणी वाटेतच भुयारात अडवायचं आणि हलक्या उताराने शहराकडे आणायचं. पंप नाही, मोट नाही. भुयारावर ठरावीक अंतराने विहिरीसारखी तोंडं ठेवली आहेत, त्या कुंड्या. हवा खेळते, गाळ काढता येतो. अशा शंभरावर कुंड्या एका ओळीत आहेत. इराणात याला कनात म्हणतात. गावात अशा आठ योजना होत्या. एका भंडाऱ्याचं नाव चिंताहरण आहे. नाव ठेवणाऱ्याने तहान पाहिलेली असणार.

आत्या वर बसली, मी लिफ्टने सुमारे ८० फूट खाली उतरले. पायाखाली गार, नितळ पाणी वाहत होतं. भिंतींवर चुन्याचे पांढरे थर चढलेले. चारशे वर्षांनंतरही ते वाहतंच आहे. मला आठवलं, खानखानानाचा वैरी मलिक अंबर. त्यानेही त्याच सुमारास खडकीत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, अशीच नहर खोदली. वर्षानुवर्षं एकमेकांशी लढलेली ही दोन माणसं, आणि दोघांनीही शहराला पाणी पाजायचं एकाच रीतीने ठरवलं. भुयारात उतरून खणणाऱ्या मजुरांची नावं मात्र दोन्हीकडे लिहिलेली नाहीत.

वर आल्यावर एक बाई कळशी भरताना दिसली. आत्याने पिशवीतून गाळायचं फडकं काढलं, दुहेरी केलं, पाणी गाळलं आणि मला दिलं. "लग्न होऊन आले तेव्हा सासूबाई म्हणायच्या, हे पाणी गोड आहे, जपून सांड." सूर्य कलायला लागला होता. घरी जाऊन दिवस मावळायच्या आत जेवायचं होतं, म्हणून निघालो.

जळगावला परतल्यावर जाऊबाईंनी फोटो मागितले. माझ्याकडे एक अंधारं भुयार, एक छत आणि ओट्यावर बसलेली आत्या. त्यांनी तिन्ही पाहिले आणि म्हणाल्या, "पुढच्या वेळी मला घेऊन चल."

रात्री मुलाला फोन केला. १६८१ चं वाक्य त्याला अजून पाठ होतं. म्हटलं, त्याच्यापुढे आणखी एक जोड, बहादूरपुऱ्यात माणसं राहत होती.

"आई, माझी परीक्षा संपली गं," तो म्हणाला.

"तुझी संपली," मी म्हटलं, आणि त्याला आत्याचं विचारणं सांगायला बसले.